लांबच्या विमानप्रवासाआधी लाउंजमध्ये जाताना

मुंबईहून अमेरिकेतील नेवार्कला थेट जाणारे विमान पंधरा-सोळा तास हवेत असते, त्यामुळे त्याआधीचे दोन तास लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या विश्रांतीकक्षात, शांतपणे घालवता आले, तर शरीराला त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र आपल्या क्रेडिट कार्डावरची लाउंज-प्रवेशाची सवलत आंतरराष्ट्रीय टर्मिनलवर चालते का, हे बँकेला आधीच विचारून घ्यावे. अनेक क्रेडिट कार्डांची सवलत देशांतर्गत लाउंजपुरतीच असते आणि सोबतच्या व्यक्तीचे पैसे बहुधा वेगळे पडतात. बिझनेस क्लासच्या प्रवाशाला सहसा बोर्डिंग पास पुरतो.

इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी उरकल्यावरच लाउंज गाठता येते, म्हणून रांगांचा वेळ धरूनच घर सोडावे. मध्यरात्रीच्या सुमारास युरोप-अमेरिकेची विमाने लागोपाठ सुटतात आणि तेव्हा आत साधी खुर्ची मिळणेही कठीण होते.

आत गेल्यावर, जेवणाकडे वळण्याआधी, आंघोळीची सोय आहे का ते विचारून लगेच नंबर लावावा. बदलायचे कपडे हातातल्या बॅगेत अगदी वर ठेवावेत. माझी आई मागच्या वेळी गरम पाण्याने पाय धुऊन, कोरडे सुती मोजे घालून विमानात बसली आणि जेवणाची ट्रे येण्याआधीच गाढ झोपली. तळलेल्या पदार्थांपेक्षा वरण-भात, दही असे हलके खाणे मला अधिक योग्य वाटते. फोन चार्ज करावा, पाण्याची बाटली भरून घ्यावी.

लाउंजमध्ये प्रत्येक विमानाची घोषणा होईलच असे नाही. फलकावर गेट क्रमांक अधूनमधून पाहावा आणि गेटपर्यंतची चाल लक्षात घेऊन बोर्डिंग सुरू होण्यापूर्वीच उठावे.