जर्मनीला शिकायला निघताय? बॅग नंतर भरा, आधी या चुका टाळा

ऑगस्ट संपत आला की ज्या घरातलं कुणी जर्मनीला निघालेलं असतं, त्या घरात वजनकाटा हॉलमध्ये येतो. बॅग काट्यावर चढते, चोवीस किलो दिसतात, मेतकुटाची पुडी बाहेर निघते. मग आईचा चेहरा बघून पुडी परत आत आणि स्वेटर बाहेर. आमच्याकडे हे आठवडाभर चाललं होतं. तिकडे पोहोचल्यावर मात्र मी अडकलो तो एका पत्रपेटीपाशी. तो किस्सा पुढे सांगतो. आधी नावाचं बघू, कारण बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात.

नाव: पासपोर्टवर जसं, तसंच सगळीकडे

आपल्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळ्या ओळीत. समजा गुणपत्रिकेवर ‘पाटील सागर विजय’ आहे. पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात ‘पाटील’ आणि नावाच्या रकान्यात ‘सागर विजय’ असतं. मुलगा विद्यापीठाचा अर्ज भरताना लिहितो ‘सागर पाटील’, कारण रोजच्या वापरात तो तेवढाच असतो. विम्याच्या अर्जात वडिलांचं नाव येतं, विमानाच्या तिकिटावर पुन्हा गळतं. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही. तिकडच्या कारकुनाला मात्र ‘सागर’ आणि ‘सागर विजय’ ही दोन माणसं वाटू शकतात.

त्यामुळे पहिल्या अर्जापासून पासपोर्टवरचं नाव अक्षर न अक्षर तसंच लिहा. स्पेलिंगमधला एखादा जास्तीचा ‘ए’सुद्धा सोडू नका. घोळ आधीच झाला असेल तर विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाला पासपोर्टची प्रत जोडून ईमेल करा. प्रवेशपत्र दुरुस्त करून मिळू शकतं. नुसता क्रम मागेपुढे असेल तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं इंग्रजी प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून जवळ ठेवा. लग्नानंतर किंवा हौसेनं नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्राची प्रतही लागू शकते. पासपोर्टमध्येच आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी दुरुस्त करा, बाकी सगळं नंतर.

याच टप्प्यावर एपीएसचं बघा. भारतीय पदव्यांची तपासणी करून दिलं जाणारं हे प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२२ पासून विद्यार्थी व्हिसासाठी सक्तीचं आहे. ‘प्रवेश मिळाला की करू’ म्हणणारे हमखास मागे पडतात, कारण त्यात आठवडे जातात आणि बऱ्याच विद्यापीठांना ते अर्जासोबतच हवं असतं.

पैसे: ब्लॉक्ड अकाउंट म्हणजे खिशातले पैसे नव्हेत

व्हिसासाठी वर्षभराच्या खर्चाचे पैसे आधीच ज्या खात्यात भरून दाखवायचे आणि ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते, ते हे ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून त्यात वर्षासाठी ११,९०४ युरो दाखवावे लागू लागले. हा आकडा अधूनमधून वाढतो, म्हणून भरण्याआधी जर्मन दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. पाठवताना बँकेला सांगा की वाटेतले सगळे शुल्क आमच्याकडून घ्या. नाहीतर मधली बँक आपला वाटा कापते, तिकडे दहा-वीस युरो कमी पोहोचतात, आणि तेवढ्यासाठी ‘रक्कम पूर्ण जमा’ हे पत्र अडतं.

मोठी चूक पुढे होते. या खात्यातून महिन्याला फक्त ९९२ युरो सुटतात, तेही तिकडे चालू खातं उघडल्यावर. पहिल्याच महिन्यात घराची अनामत समोर उभी राहते, ती मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते. शिवाय भाडं, सेमिस्टरचं शुल्क, गादी, उशी. तेव्हा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डावर वेगळा ठेवा. तरीही हात आखडला तर एक गोष्ट लक्षात असू द्या: जर्मन कायद्यानुसार अनामत तीन समान मासिक हप्त्यांत भरता येते. घरमालक हे आपणहून सांगत नाहीत. नम्रपणे विचारा.

विमा: स्वस्तात महाग पडणारी सही

तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला सरकारी आरोग्य विमा विद्यार्थ्यांच्या सवलतीच्या दरात मिळतो. तरी काहीजण महिन्याला थोडे युरो वाचवायला खासगी विमा घेतात. त्यासाठी सरकारी विम्यातून सूट मागावी लागते, आणि ती सूट शिक्षण संपेपर्यंत मागे घेता येत नाही. मध्येच अक्कलदाढ दुखली आणि पॉलिसीत दात नाहीत हे कळलं, तरी परतीची वाट बंद. प्रवासापुरता आणि सरकारी विमा सुरू होईपर्यंत प्रवासी विमा जरूर घ्या. सरकारी विम्यातून सूट मागणाऱ्या अर्जावर मात्र घाईत सही करू नका.

घर, आन्मेल्डुंग आणि माझी पत्रपेटी

‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टानं येईल’ असं म्हणणाऱ्याला एक पैसा देऊ नका. प्रवेशपत्र हातात पडलं त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत नाव घाला. ऑक्टोबरमध्ये सगळ्या गावांत एकदमच खोल्यांची शोधाशोध सुरू होते.

खोली ठरवताना ‘इथे आन्मेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करता येईल ना?’ हे आधी विचारा. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो नसेल तर करक्रमांक नाही, आणि पुढची कामं रांगेत तुंबतात. नोंदणीसाठी पालिकेची वेळ लवकर मिळत नसेल तर सकाळी सकाळी संकेतस्थळ उघडा, रद्द झालेल्या वेळा मोकळ्या झालेल्या दिसतात. घेतलेल्या वेळेची पावती जपून ठेवा, उशीर तुमच्यामुळे झाला नाही हे दाखवायला.

आता पत्रपेटी. तिकडे टपाल खोली क्रमांकावर येत नाही, पेटीवरच्या नावावर येतं. आमच्या फ्लॅटच्या पेटीवर तीन नावं होती, चौथं माझं नव्हतं. बँकेनं कार्ड पाठवलं, ते परत गेलं. पिनचं पाकीट वेगळं आलं, तेही परत. खात्यात पैसे दिसत होते आणि मी बारा दिवस शेजारच्या खोलीतल्या मुलाकडून पन्नास-पन्नास युरो उसने घेत होतो. शेवटी त्यानेच विचारलं, ‘खाली नाव लावलंस का?’ वहीच्या कागदावर आडनाव लिहून चिकटपट्टीनं लावलं, बँकेला फोन केला, आणि दुसऱ्या वेळी सगळं आलं. किल्ली हातात आली की सामान वर न्यायच्या आधी हे उरका. बेलवरही लावा.

फोन

भारतातलं सिम बंद पडलं की बँकेचा ओटीपी गेला, आणि तिकडून नंबर बदलणं म्हणजे डोक्याला ताप. निघण्याआधी रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख बाबांच्या कॅलेंडरवर लिहा. परदेशी राहायला गेल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे परदेशस्थ भारतीयांचं खातं, कसं करून घ्यायचं हेही निघण्याआधीच बँकेत विचारून ठेवा.

आता बॅग

मूळ कागदपत्रं आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत. औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, तीन महिन्यांपुरती.

तूप, खवा, पेढे घरी ठेवा. युरोपीय संघाबाहेरून येताना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि आजीनं स्वतः कढवलेलं तूपही त्यातच येतं. ताजा कढीपत्ता आणि हापूसही चालत नाही. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी खुशाल न्या, फक्त पुड्यांवर इंग्रजीत नाव लिहा. बिननावाची पिवळी पूड समजावून सांगत बसायला लागू नये.

विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट, त्यामुळे जड कन्व्हर्टर नको, साधा ॲडॉप्टर पुरे. कुकर न्यायचा तर बुडाला लोहचुंबक चिकटतंय का बघा. नुसत्या ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. आणि पहिल्या फोडणीच्या आधी छतावरचा धुराचा अलार्म कुठे आहे ते शोधा. खिडकी उघडी, स्वयंपाकघराचं दार बंद. आम्ही उलटं केलं होतं, आणि हिंगाच्या वासासकट अख्खा मजला जिन्यात उभा होता.