टोमॅटोच्या पॉलिहाउसमध्ये मित्रकीटक सोडताना या चुका टाळा

‘मित्रकीटकांचा काही उपयोग होत नाही’ असं कुणी म्हटलं, की मी आधी खुडलेली पानं कुठं टाकता ते विचारतो. दुसरा प्रश्न फवारणीचा.

पानांचं आधी सांगतो. पांढऱ्या माशीसाठी आपण एन्कार्सिया सोडतो, म्हणजे तिचे कोष चिकटवलेली कार्डं झाडांवर लावतो. हा इवलासा परोपजीवी कीटक माशीच्या पिल्लात अंडं घालतो. साधारण १० दिवसांत ते पिल्लू काळं पडतं आणि तीनेक आठवड्यांनी त्यातून नवी एन्कार्सिया निघते. तोवर झाड वर सरकलेलं असतं आणि काळी पिल्लं असलेली पानं खाली राहिलेली असतात. नेमकी हीच पानं आपण खुडतो!

ओळखीच्या एका बागायतदाराचा फोन आला, “दादा, कार्डांवर कार्डं लावली, माशी हटत नाही.” जाऊन पाहिलं तर प्लॉट एकदम चकाचक. खुडलेलं प्रत्येक पान त्याच दिवशी बाहेरच्या खड्ड्यात जायचं. खड्ड्यातलं एक पान उचलून उलटं केलं, तर मागं खसखस सांडावी तसे काळे ठिपके. सगळी पुढची पिढी तिथं पडली होती. त्यानं पानं काढायची घाई थांबवली, तेव्हा कुठं माशी आटोक्यात आली.

मी भिंगाशिवाय पान खुडत नाही. काळ्या कोषाला, म्हणजे काळ्या पडलेल्या पिल्लाला, गोल भोक दिसलं, तर एन्कार्सिया बाहेर पडलेली आहे, पान खुशाल काढा. भोक नसेल तर पान झाडावरच राहू द्या. अगदीच काढावं लागलं, तर आठवडाभर ओळीतच ठेवा. मात्र ज्या पानावर पांढरी, जिवंत पिल्लंच जास्त आहेत, ते पिशवीत बांधून थेट बाहेर न्या.

आता फवारणी. सिंथेटिक पायरेथ्रॉइड या रासायनिक कीटकनाशकांचा अंश मित्रकीटकांना कित्येक आठवडे मारत राहतो. तरी लोक आज फवारतात, चार दिवसांनी कार्ड लावतात, आणि आठवड्यात माशी दिसली की पुन्हा पंप उचलतात. असल्या उतावळेपणाचा मला मनापासून राग येतो. नवी एन्कार्सिया निघेपर्यंत तीन आठवडे थांबायची तयारी नसेल, तर या वाटेला जाऊच नका. माशी फारच असेल तर मी कीटकनाशक साबण पानांच्या मागून फवारतो. तो सुकला की त्याचा मारा संपतो, मग कार्ड लावायचं. खरं तर चिकट सापळ्यावर पहिली माशी दिसली, तेव्हाच सुरुवात करायला हवी. झाड हलवल्यावर माश्यांचा थवा उठत असेल, तर तुम्हाला उशीर झालाय.

कार्डं सावलीत लावा, मुंग्या चढणार नाहीत अशी. घरच्या फ्रिजमध्ये साठवू नका.

काकडीवर चालतो म्हणून स्विर्स्की हा परभक्षी कोळी टोमॅटोवर सोडू नका, इथल्या चिकट लवेत तो अडकतो.

लाल कोळी ही कीड खाणाऱ्या पर्सिमिलिस या परभक्षी कोळ्याला ६० टक्क्यांच्या वर आर्द्रता लागते, कोरड्या हवेत त्याची अंडी सुकतात.

नेसिडिओकोरिस हा परभक्षी ढेकूण पांढऱ्या माशीची आणि टुटाची (टोमॅटो पोखरणाऱ्या अळीची) अंडी छान फस्त करतो. पण भक्ष्य संपलं की तो झाडाचाच रस शोषतो. शेंड्याच्या कोवळ्या देठांवर तपकिरी कडी दिसतात, फुलं गळतात. म्हणून दर आठवड्याला शेंडे तपासा आणि कडी वाढू लागली की नवीन सोडणं बंद करा.