अंबर बाटलीतही द्रावण पिवळं पडत होतं: दोष तिच्या मापाचा

व्हिटॅमिन सीचं द्रावण अंबर (तपकिरी) काचेत ठेवूनही पिवळं पडत होतं. अंबर काच साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीखालचा, म्हणजे निळा-जांभळा आणि अतिनील, बराचसा प्रकाश अडवते; पण द्रावण हवेतल्या ऑक्सिजननेही पिवळं पडतं, आणि बाटलीतली हवा काच अडवत नाही. १ लिटरच्या बाटलीत २५० मिली द्रावण उरलं की वर ७५० मिली हवा असते आणि त्यातला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन. झाकण उघडलं की तो पुन्हा ताजा.

उपाय म्हणजे द्रावण बनवल्याबरोबर १०० मिलीच्या बाटल्यांत वाटून टाकणं आणि एका वेळी एकच उघडणं. बाटलीवरचा आकडा काठोकाठचा नसतो, म्हणून आधी पाणी काठापर्यंत भरून मोजपात्रात ओतून खरी क्षमता पाहावी. त्याच्या ९५ टक्के भरावं. उरलेली जागा उष्णतेने फुगण्यासाठी. बाटल्या कोरड्याच हव्यात. लहान बाटलीत प्रकाश सहज आतपर्यंत पोचतो, तेव्हा खोकं हवंच.

सुगंधी तेलांनाही हेच माप चालतं, फक्त ड्रॉपर लावून ठेवू नये, रबर मऊ पडतं. हायड्रोजन पेरॉक्साइड मात्र असं कधीही घट्ट बंद करू नका: त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो, बाटली फुटू शकते. त्याला वायू बाहेर सोडणारं झाकणच लागतं.