प्रीपेड डेबिट कार्ड कोठे आणि कसे मिळवावे?

बँकेच्या नेहमीच्या डेबिट कार्डामागे बचत किंवा चालू खाते असते. प्रीपेड कार्डामागे मात्र आपण त्यात आधी भरलेली रक्कम तेवढी असते. ती संपली की व्यवहार थांबतो. हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाचा महिन्याचा खर्च, लग्नातला आहेर किंवा ऑनलाइन खरेदीसाठी मुख्य खात्याचे कार्ड वापरण्याची धास्ती, अशा कारणांनी लोक या कार्डाकडे वळतात. मात्र कार्ड कोणाकडून घ्यावे याआधी त्यातून काय करायचे आहे हे ठरवावे, कारण कोणत्या प्रकारच्या कार्डावर काय चालेल हे नियमांनीच बांधून दिलेले आहे.

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार, केवळ मोबाइल क्रमांकाची पडताळणी आणि ओळखपत्राचा तपशील देऊन मिळणाऱ्या प्राथमिक प्रकारात महिन्याला १०,००० रुपये आणि आर्थिक वर्षात १,२०,००० रुपयांपर्यंतच भरणा करता येतो, शिल्लकही कधी १०,००० रुपयांपलीकडे जाऊ शकत नाही, आणि एटीएममधून रोख काढणे किंवा दुसऱ्याला पैसे पाठवणे मुळीच शक्य नसते. संपूर्ण केवायसी (म्हणजे ओळख आणि पत्त्याची कागदपत्रांनिशी पडताळणी) केल्यास शिल्लक २,००,००० रुपयांपर्यंत ठेवता येते, शिवाय रोख काढण्याची व पैसे पाठवण्याची सोय मिळते. तथापि बिगर-बँक कंपनीच्या कार्डावरून एका वेळी २,००० आणि महिन्यात एकूण १०,००० रुपयेच रोख निघतात. मुलाला अधूनमधून नोटा लागणार असतील, तर संपूर्ण केवायसी असलेले कार्डच घ्यावे. प्राथमिक कार्ड घेऊन त्याला एटीएमसमोर ताटकळत ठेवण्यात अर्थ नाही.

कार्ड देणाऱ्या संस्था दोन प्रकारच्या आहेत: बँका, आणि रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या बिगर-बँक कंपन्या. बँकेचे कार्ड शाखेतून किंवा बँकेच्या संकेतस्थळावरून मागवता येते. बिगर-बँक कंपनीचा कारभार बहुधा अ‍ॅपवरूनच चालतो. तिचे नाव रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावरील अधिकृत कंपन्यांच्या यादीत आहे का, हे आधार क्रमांक भरण्यापूर्वी पाहावे. नाव नसेल तर सवलत कितीही मोठी असो, तिथेच थांबावे. परदेशप्रवासासाठीचे फॉरेक्स कार्ड हाही प्रीपेड प्रकारच आहे, पण ते बँका आणि अधिकृत परकीय चलन विक्रेते देतात आणि त्यासाठी पासपोर्ट व पॅन लागतो.

अर्जाची प्रक्रिया अवघड नाही. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकावा, नाव ओळखपत्रावर जसे आहे अगदी तसेच लिहावे, आणि संपूर्ण केवायसी शाखेत किंवा व्हिडिओ कॉलवर पूर्ण करावी. व्हिडिओ कॉलच्या वेळी मूळ पॅन कार्ड हाताशी असू द्यावे. त्यानंतर बँक खात्यातून रक्कम भरावी. कार्ड देण्याचे, पुन्हा भरणा करण्याचे आणि रोख काढण्याचे शुल्क संस्थेगणिक वेगळे असते व त्यावर वस्तू व सेवा कर लागतो, म्हणून शुल्कपत्रक अर्जाआधी वाचावे. शिल्लक रकमेवर व्याज मिळत नाही, त्यामुळे गरजेपेक्षा जास्त पैसे त्यात अडकवू नयेत.

भेट देण्याच्या कार्डाची गोष्ट निराळी आहे. त्याची कमाल किंमत १०,००० रुपये असते, त्यात पुन्हा भरणा होत नाही आणि त्यातून रोख निघत नाही. एक अडचण बहुतेकांना येतेच: कार्डात २,००० रुपये आहेत, बिल २,३४० रुपयांचे आहे, आणि दुकानदाराने पूर्ण रक्कम टाकून कार्ड लावले की यंत्र ते नाकारते. अशा वेळी कार्डावर २,००० रुपयेच टाकायला सांगावे आणि उरलेले ३४० रुपये रोखीने किंवा यूपीआयने द्यावेत. ऑनलाइन खरेदीत एकच बिल दोन कार्डांत विभागता येत नसेल, तर कार्डात उरलेल्या रकमेचे त्याच संकेतस्थळाचे व्हाउचर घ्यावे, म्हणजे वीस-तीस रुपये वाया जात नाहीत. भेटकार्डाची मुदत संपली तर ते नव्याने वैध करून देण्याची विनंती कार्डधारक करू शकतो.

कार्ड हरवले तर ते ताबडतोब ब्लॉक करावे. अनधिकृत व्यवहाराचा संदेश आल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवल्यास, आणि चूक ना आपली ना कंपनीची अशी स्थिती असल्यास, नुकसान ग्राहकाच्या माथी पडत नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास व्यवहाराची रक्कम किंवा १०,००० रुपये यांपैकी जे कमी असेल तेवढा बोजा येतो. पिन किंवा ओटीपी आपणच कोणाला सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे सगळे नुकसान मात्र आपले. तक्रार लेखी करावी आणि तिचा क्रमांक जपून ठेवावा; ३० दिवसांत उत्तर न मिळाल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार विनाशुल्क दाखल करता येते.