आई-बाबा वेगळे राहणार आहेत, हे मुलाला कसं सांगायचं आणि पुढे दोन घरं कशी चालवायची

"बाबा ऑफिसच्या कामाला बंगळुरूला गेलेत." वेगळं होणाऱ्या घरांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. सात वर्षांचं मूल चार दिवस ते धरून चालतं. मग कपाटातले बाबांचे शर्ट नाहीसे झालेले दिसतात, नाहीतर एखाद्या लग्नात कुणी आत्या बोलून जाते. बाबा गेले आणि आई खोटं बोलली, या दोन्ही गोष्टी मग त्याला एकदमच कळतात. दुसरीतून सावरायला जास्त वेळ लागतो.

म्हणून आधी सांगावं आणि दोघांनी मिळून सांगावं. मात्र निर्णय पक्का झाल्यावरच. "बघू, कदाचित" असं ऐकलेलं मूल रोज रात्री भिंतीला कान लावून झोपतं. शाळकरी मुलाला साधारण दोन आठवडे आधी सांगा. तीन-चार वर्षांच्या मुलाला तीन दिवस आधी पुरे, त्याला पंधरवडा कळत नाही आणि ते रोज सकाळी "आज का?" विचारत बसतं. शनिवारची सकाळ बरी, कारण प्रश्नांसाठी पुढे दीड दिवस मिळतो. रविवारची रात्र, परीक्षेचा आठवडा, वाढदिवस आणि गणपतीचे दिवस टाळा. भावंडांना एकत्र बसवा. थोरल्याला आधी सांगून "धाकटीला बोलू नकोस" म्हटलं, की दहा वर्षांच्या पोराला गुपित सांभाळत बसावं लागतं.

दहा-पंधरा मिनिटं पुरतात. शब्द साधारण असे: "आमचं दोघांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून आम्ही वेगळ्या घरांत राहणार आहोत. हे आम्ही मोठ्यांनी ठरवलंय. तू काही केलंस म्हणून नाही, आणि तू काही करून हे बदलणारही नाही. आई आईच राहणार, बाबा बाबाच." कोणी काय केलं, कोणाच्या आईने काय म्हटलं, यातलं काही नको. मुलाचे पहिले प्रश्न बहुतेक फार साधे असतात: मी झोपणार कुठे, स्कूलबसपाशी कोण सोडणार, सायकल कुठे राहणार? याची उत्तरं आधीच ठरवून बसा. नाहीतर तिथेच तुमचं भांडण जुंपतं.

"माझ्यामुळे झालं का?" हा प्रश्न मूल सहसा तोंडाने विचारत नाही. पाच ते आठ वयाची बरीच मुलं मात्र मनात तसं ठरवून टाकतात: मी गृहपाठ केला नाही, त्यावरून तुम्ही भांडलात. एकदा सांगून भागत नाही, पुढचे दोन महिने अधूनमधून सांगावं लागतं. आणि "तुला कोणाकडे राहायचंय?" हे विचारूच नका. काहीही उत्तर दिलं तरी त्याने एकाला सोडलेलं असतं.

घरात मारहाण असेल तर वरचं एकत्र बसणं लागू नाही. आधी सुरक्षित जागी जा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली (२००५) बाईला मुलाचा तात्पुरता ताबाही मागता येतो.

दोन घरांची ये-जा

खरी परीक्षा पोचवण्या-आणण्याच्या वेळी असते. दारात दोघं समोरासमोर आले, की पोटगी, फी, वकील सगळं निघतं आणि मूल चप्पल घालत ते ऐकत असतं. शक्य असेल तर शाळाच मधे घ्या: शुक्रवारी सकाळी आईने सोडायचं, संध्याकाळी बाबांनी आणायचं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर दोन रंगांनी महिनाभराचे दिवस भरा, तेही मुलाकडूनच. ब्रश, चप्पल, घरचे कपडे आणि गणवेशाचा एक जोड दोन्हीकडे ठेवा. दप्तर आणि एक लाडकी वस्तू तेवढी मुलाबरोबर फिरते. ती गोधडी असेल, तर पहिले काही आठवडे धुऊ नका. तिला एका घराचा वास असतो आणि दुसऱ्या घरात झोप त्याच वासावर लागते. उशाशी कळकट गोधडी बघून आजीचा जीव वरखाली होईल, होऊ द्या.

परतल्यावरचा पहिला तास मूल गप्प असतं, नाहीतर उगाच चिडतं. "तिकडे वाईट वागवलं" असा अर्थ लगेच काढू नका. ते एका घरातून दुसऱ्या घरात मनाने पोचत असतं. वरणभात वाढा. "बाबांकडे कोण आलं होतं?" ही उलटतपासणी नको. निरोपही त्याच्या हाती नकोत: "फी भरली का विचार" हे मेसेजवर लिहा. दोघांच्या बोलण्यासाठी फक्त मुलाच्या विषयांचा वेगळा ग्रुप ठेवला, तर भांडणं त्यात कमी शिरतात.

भेटीचा दिवस चुकणार असेल, तर दुसऱ्या पालकाने सबबी सांगत बसू नये. ज्याला जमत नाही त्याने स्वतः मुलाला फोन करून सांगावं आणि पुढची तारीख द्यावी. वर मोठं खेळणं पाठवलं, तर मूल न येण्याची किंमत शिकतं.

कोर्टातलं

हिंदू कायद्यात (१९५६) पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा साधारणपणे आईकडे असतो. एरवी न्यायालय मुलाचं हित बघतं. पोटगी थकली म्हणून भेट अडवायची, भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवायची, हे दोन्ही अंगाशी येतं. ज्याच्याकडे मूल नाही त्यालाही रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलंय. ही वेळ पक्की करून घ्या. न्यायाधीश किंवा समुपदेशक मुलाशी एकट्याने बोलू शकतात. त्याआधी पोपटपंची करून घेऊ नका. घोकलेलं उत्तर लगेच ओळखू येतं आणि मुलाला पुढे तेच खात राहतं.

काय बघायचं

तीन-चार वर्षांचं मूल पुन्हा अंथरूण ओलं करतं, सात-आठ वर्षांच्या मुलाचं शाळेच्या वेळी पोट दुखतं, बारा-तेराचं एकाची बाजू घेऊन दुसऱ्याशी बोलणं टाकतं. काही आठवड्यांत हे कमी होत जायला हवं. झोप, जेवण, शाळा दोन आठवड्यांहून जास्त बिघडलेली असेल, तर बालरोगतज्ज्ञाला किंवा समुपदेशकाला दाखवा. जिवाचं बरंवाईट करायची भाषा आली तर त्याच दिवशी. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि मुलांसाठीच्या चाइल्डलाइनचा १०९८ हे दोन्ही क्रमांक मोफत, चोवीस तास आहेत.

नातेवाइकांना दोन वाक्यं बंद करायला सांगा: "बिच्चारं पोर" आणि "आता घरातला कर्ता पुरुष तूच". दुसरं ऐकून दहा वर्षांचा मुलगा रात्री दाराची कडी तपासायला उठतो.

वर्गशिक्षिकेला एवढंच सांगा: घ्यायला कोण येईल, दोघांचे फोन नंबर, आणि प्रगतिपुस्तक दोघांनाही दाखवा. पहिली-दुसरीत "माझे कुटुंब" हा निबंध येतोच. तो येण्याआधी मुलाबरोबर बसून दोन घरांचं चित्र काढून घ्या आणि कोणाला कुठे काढायचं ते त्यालाच ठरवू द्या.