कार फॅक्टरी बघायला मिळाली तर नेमकं काय बघायचं

मोठ्या कार फॅक्टरीत जायचा चान्स मिळाला की बहुतेक लोक रोबोट आणि ठिणग्यांचे फोटो मनात साठवून परत येतात, पण खरी गंमत असेंब्ली लाइनवर, म्हणजे सरकत्या गाडीला एकेक भाग जोडत जातात तिथे आहे, तेव्हा वेळ तिथे घालवा.

गाडी बनते त्याच क्रमाने फिरा. प्रेस शॉपमध्ये पत्रा डायखाली (लोखंडी साच्याखाली) दाबून दरवाजे, बॉनेट वगैरे काढतात, बॉडी शॉपमध्ये हे सगळं हजारो स्पॉट वेल्डने जोडतात, मग पेंट शॉप, तिथे अख्खी बॉडी टाकीत बुडवून गंज न धरणारा थर चढवतात. पेंट शॉपच्या आत सहसा सोडत नाहीत कारण धुळीचा एक कण बसला तरी रंग बिघडतो.

आता असेंब्ली. इथे एकच स्टेशन, म्हणजे ठरलेलं एक काम होतं ती जागा, पकडा आणि चार-पाच गाड्या जाईपर्यंत तिथून हलू नका. आधी हिशोब समजून घ्या, शिफ्टमध्ये कामाची ४५० मिनिटं आणि गाड्या ४५० काढायच्या असतील तर प्रत्येक स्टेशनला ६० सेकंद, याला टॅक्ट टाइम म्हणतात आणि सगळी फॅक्टरी याच ठोक्यावर चालते. माणूस चार बोल्ट हाताने लावतो, टॉर्क गनने (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळणारं यंत्र) आवळतो, हिरवा दिवा लागला की दोन पावलं मागे येतो आणि तोवर पुढची गाडी समोर हजर!

ही सरकती लाइन फोर्डने १९१३ मध्ये अमेरिकेतल्या हायलंड पार्कच्या फॅक्टरीत आणली, चॅसिस (गाडीचा खालचा सांगाडा) जोडायला साडेबारा तास लागायचे ते ९३ मिनिटांवर आले, पण कामाला कंटाळून माणसं इतकी सोडून जायला लागली की १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर द्यायची वेळ आली. स्टेशनवर उभं राहून बघितलं की माणसं का सोडून जात असतील ते लगेच कळतं.

वर लटकणारी दोरी किंवा जवळचं बटण पण शोधा, तो अँडॉन. टोयोटाने ही पद्धत रुजवली, काही चुकतंय वाटलं तर कोणताही कामगार ती ओढतो, टीम लीडर धावत येतो आणि वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबते. माझ्या मते फॅक्टरीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, साहेबाला न विचारता लाइन थांबवायचा हक्क.

निघताना किती गाड्या काढता हे सगळेच विचारतात, तुम्ही विचारा काल लाइन किती वेळा थांबली आणि कशामुळे.