तीन पिढ्यांची तुलना: चाळीत सर्व्हेला जाण्याआधी

पिढी कुठे तोडायची, हे सगळ्यात आधी कागदावर लिहा. १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेले मिलेनियल आणि १९९७ पासूनचे जेन झी, ही प्यू रिसर्च सेंटरची विभागणी अमेरिकेच्या अनुभवावर बेतलेली आहे. लालबाग-परळमध्ये काम करायचं तर १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप कळत्या वयात पाहिलेले आणि त्यानंतर जन्मलेले, असा भेद मला जास्त खरा वाटतो. रेषा कोणतीही घ्या, पण आकडे पाहून ती सरकवू नका.

प्रश्न लिहितानाच चाचणी ठरवा, म्हणजे गटांतला फरक खरा की योगायोगाचा, हे तपासणारं गणित. हो-नाही उत्तरांना काय-स्क्वेअर चालते, मात्र तक्त्याच्या चौकटींमध्ये अपेक्षित संख्या (गटांत फरक नसता तर आली असती ती) साधारण पाचच्या खाली जायला नको. एक ते पाच गुणांच्या उत्तरांना दोन गटांसाठी मान-व्हिटनी, तीन गटांसाठी क्रुस्कल-वॉलिस. महिन्याची बचत रुपयांत विचारली असेल तर सरासरींची तुलना करायला दोन गटांना टी-टेस्ट आणि तिघांना अनोव्हा. पण एखाद्याच्या मोठ्या पगाराने सरासरी ओढली जाते, म्हणून आधी आलेख काढून बघा. अनोव्हाऐवजी तीन जोड्यांच्या तीन टी-टेस्ट केल्या, तर नसलेला फरक कुठेतरी दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांवरून दहाच्या वर जाते. जोड्या तपासायच्याच असतील तर ०.०५ ला, म्हणजे त्या पाच टक्क्यांच्या मर्यादेला, तीनने भागा.

खरी काळजी घ्यायची ती एका खोलीतल्या माणसांची. आजी, सून आणि नातू एकाच दहा-बाय-बाराच्या खोलीत राहतात, एकाच पैशावर घर चालवतात. त्यांची उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र धरता येत नाहीत, पण वरच्या सगळ्या चाचण्या उत्तरं स्वतंत्र आहेत असंच गृहीत धरतात. एक तर घरामागे एकच माणूस घ्या, किंवा ठरवून प्रत्येक घरातून आई आणि मुलगी अशी जोडी घ्या आणि प्रत्येक जोडीतला फरक मोजणारी पेअर्ड टी-टेस्ट वापरा. मला दुसरा मार्ग आवडतो, कारण घरची परिस्थिती दोघींची सारखीच असते आणि पिढीतला फरक स्वच्छ दिसतो. दोघींना वेगवेगळं बसवून विचारा. गॅलरीत सगळे ऐकत असताना आजीचं उत्तर बहुतेक वेळा सूनच देते.

दुपारी जाऊ नका. नोकरीवाले तेव्हा लोकलने गेलेले असतात आणि नमुन्यात निवृत्त माणसंच भरतात. रविवारची सकाळ बरी.

सत्तरीचे आजोबा जास्त बचत करतात ते वयामुळे की त्यांच्या पिढीमुळे, हे एकदाच केलेल्या सर्व्हेतून कळत नाही. त्यासाठी त्याच प्रश्नांची जुनी उत्तरं लागतात. ती मिळत नसतील तर अहवालात ‘वयोगटांतील फरक’ असंच लिहा, आणि पी-व्हॅल्यूशेजारी (खरा फरक नसताना निदान एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) तो फरक किती रुपयांचा, हेही द्या.